सवतीकडे ठेवलेले पैसे

मी मोंडोच्या घरी नांदायला आले त्याच दिवशी त्याच्या थोरल्या बायकोने, स्कोलास्तिकाने, माझ्या खांद्याचे हाड मोडले. रताळी खणायची काठी तिच्या हातात होती आणि ती तिने मला दारातच घातली. मी पडले, पण पडता पडता तिचा कान माझ्या दातांत आला. कानाचा वरचा तुकडा तुटून निघाला तेव्हा कुठे लोकांनी आम्हाला सोडवले. कोगलाई गावात अजूनही कुणी ना कुणी तिला चिडवते, "थोरले, कान कुठे ठेवलास?" आणि ती माझ्याकडे बोट दाखवते.

चूक तिची होती असे मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले. आता तसे म्हणत नाही. माझ्यासाठी माझ्या बापाला जे देज मिळाले त्यात बावीस डुकरे होती आणि त्यातली नऊ स्कोलास्तिकाने वाढवलेली होती. पिल्ले असताना तिने ती बिलुममध्ये घालून, झोळीचा पट्टा कपाळाला अडकवून शेतावर नेली होती, चघळलेले रताळे भरवले होते. मोंडोने तिला न विचारता दावी सोडली आणि त्या डुकरांच्या बदल्यात मला आणले. आपलीच डुकरे देऊन जिच्या घरात सवत येते ती बाई काठी उचलणार नाही तर काय गाणे म्हणेल?

पुढे आठ वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. तिचे घर ओढ्याच्या अलीकडे, माझे पलीकडे, आणि मोंडो मधल्या चढावर पुरुषांच्या घरात झोपायचा. जेवायला कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे.

आमच्याकडे नवराबायकोचा पैसा एका डब्यात राहत नाही. कॉफीची झाडे मोंडोची. फळे तोडायला आम्ही, सोलायला आम्ही, उन्हात पसरून वाळवायला आम्ही, पण गोणी काट्यावर चढली की पैसा त्याचा. त्या पैशाने तो पुतण्याच्या देजात भर घालायचा, मयताला गाय द्यायचा, हमरस्त्यावर बिअरच्या पेट्या फोडायचा. त्याला नाव हवे असायचे, आणि नाव होतेही. मोंडो कुग्लामे उठून बोलायला लागला की दोन डोंगरांवरची माणसे गप्प बसायची. मीठ, साबण, तेल, रॉकेल, पोरीचे दप्तर हे सगळे बायकांच्या पैशातून. स्कोलास्तिका भुईमुगाच्या शेंगांच्या जुड्या विकायची. मी हमरस्त्याच्या कडेला अर्ध्या पिंपावर कढई ठेवून मेंढीच्या बरगडीचे चरबट तुकडे तळायचे. ट्रकवाले थांबायचे, बोटे चाटत खायचे आणि तेलकट हातांनी तेलकट नोटा द्यायचे.

मोंडोचे नाव मोठे होते आणि कॉफी वर्षातून चारच महिने येते. उरलेले आठ महिने त्याला आमचे पैसे लागायचे.

एकदा त्याने स्कोलास्तिकाकडे शंभर किना मागितले. ती नाही म्हणाली. त्याने तिला केसांना धरून ओढ्यापर्यंत फरफटत नेले आणि दगडावर तिचे तोंड आपटले. तिचे पुढचे दोन दात गेले. मी माझ्या अंगणातून पाहत होते. हलले नाही. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले.

पण स्कोलास्तिका गप्प बसणारी नव्हती. ती तसेच रक्ताळलेले तोंड घेऊन गावकोर्टात गेली. आमचे गावकोर्ट दर शुक्रवारी सुरूच्या झाडांखाली भरते. पाच पंच असतात, त्यांत तेइने आजोबा मुख्य. त्यांनी मोंडोला दोनशे किना भरपाई लावली, बायकोला द्यायची.

दुसऱ्या दिवशी मोंडो माझ्या कढईपाशी येऊन उकिडवा बसला. एक तुकडा उचलून खाल्ला. मग लाडात आला.

"धाकटे, दोनशे आहेत का गं?"

"कशाला?"

"आहेत का ते सांग. कॉफीला देतो."

कशाला हवेत ते मला ठाऊक होते. मी दिले. तिला मारलेल्या माराचे पैसे माझ्या हातून जाताहेत याची मला तेव्हा गंमतच वाटली. आपण कोणी मोठ्या आहोत असे वाटले.

सहा महिन्यांनी पाळी माझी आली. त्याने जळते लाकूड माझ्या पाठीवर टेकवले, कारण मी मांसाचे पैसे त्याला न देता पोरीच्या शाळेत भरले होते. मीही कोर्टात गेले. मला दीडशे मिळाले. ते कुठून आले ते विचारायचे मला सुचले नाही. मोंडो आदल्या रात्री स्कोलास्तिकाकडे गेला होता आणि तिच्या बरगड्यांत लाथा घालून शेंगांचे दीडशे काढून घेऊन आला होता, हे मला नंतर कळले.

तिसऱ्या वेळी कोर्टात गेली ती पुन्हा स्कोलास्तिका. डावा डोळा सुजून बंद झालेला. पंचांनी अडीचशे लावले. पुढच्या शुक्रवारी मोंडोने छाती काढून सगळ्यांसमोर नोटा तिच्या पुढ्यात टाकल्या. बाजूला तिचे भाऊ आपल्या वाट्यासाठी उभे होतेच. स्कोलास्तिकाने नोटा उचलल्या आणि नाकाशी नेल्या. एकेक नोट हुंगली.

"आजोबा," ती तेइनेंना म्हणाली, "या नोटांना मेंढी लागलीय."

लोक हसले. तेइने आजोबाही हसले. "मेंढी लागू दे नाहीतर बेडूक. नोट ती नोट. घे आणि घरी जा."

ती हसली नाही. सुजलेल्या डोळ्याने नाही, उघड्या डोळ्याने तिने गर्दीत मला शोधून काढले. मी खाली पाहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या कढईपाशी आली. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी झारा घट्ट धरला, कारण तिच्या हातात काठी होती.

"काय देऊ?" मी गिऱ्हाइकाला विचारतात तसे विचारले.

"तुझी पाठ भाजली त्याचे दीडशे मी दिले. ठाऊक आहे?"

मी झाऱ्याने तेल ढवळले.

"आणि माझे दात पाडले त्याचे दोनशे तू दिलेस. कालचे अडीचशेही तुझेच."

"तो कशाला मागतो ते मला काय माहीत?"

"माहीत होतं तुला."

मी तुकडे उलटे केले.

"म्हणजे बघ," ती खाली बसली, "बडवतो तो, आणि बडवल्याचे पैसे आपण एकमेकींना देतो. माझे भाऊ वाटा खातात, तुझे भाऊ वाटा खातात, कोर्ट फी घेतं. त्याच्या कॉफीतून एक फुटका तोया जात नाही. वर गावात म्हणतात, मोंडो शब्दाचा पक्का, भरपाई वेळेवर देतो."

मला हसू आले. हसू नये तेव्हा मला येते. मग तीही हसली, दोन दात नसलेली, आणि हसता हसता तिने बरगडी दाबून धरली.

"मग काय करायचं म्हणतेस? मार चुकवायचा?"

"मार चुकत नाही. पैसे द्यायचे नाहीत."

"कोयता घेऊन उभा राहिला की देशील."

"माझे असले तर देईन. मार पडला की माणूस आपले पैसे देऊन मोकळं होतं. दुसरीचे द्यायला जीव धजत नाही. तुझे मी ठेवते. माझे तू ठेव."

मी झारा खाली ठेवला. "बाई, तू माझं हाड मोडलंस."

"आणि तू माझा कान खाल्लास. म्हणूनच. सवतीकडे पैसे ठेवले असतील असं त्या मोंडोच्या सात पिढ्यांच्या डोक्यात यायचं नाही."

तसेच झाले. दर शनिवारी कॉफीच्या झाडांत आमची गाठ पडायची. मी माझे तिला देत असे आणि ती तिचे मला. तिचे पैसे मी दुधाच्या पावडरीच्या डब्यात घालून चुलीमागच्या मातीत पुरत असे. माझे ती एका लहान बिलुममध्ये घालून गळ्यात, झग्याच्या आत बाळगायची. मला डीप फ्रीझर घ्यायचा होता. हमरस्त्यावरच्या दुकानात वीज होती आणि दुकानदार कोपरा द्यायला तयार होता. फ्रीझर आला की पेटीभर मांस एकदम घेता येते, रोज शहरात ट्रकने धक्के खात जावे लागत नाही. स्कोलास्तिकाला घरावर पत्रे हवे होते. तिचे छप्पर गवताचे, दर दोन वर्षांनी कुजायचे, आणि मोंडो पुढच्या कॉफीला बघू म्हणायचा.

त्या काळात मोंडोने मला दोनदा मारले. एकदा कानाखाली, इतक्या जोरात की आठवडाभर आत शिट्टी वाजत होती. एकदा पट्ट्याने. "पैसे कुठे ठेवतेस?" तो विचारायचा. "माझा एक पैसा नाही या घरात," मी म्हणायचे, आणि ते खरे असल्यामुळे मला म्हणता यायचे. चुलीमागे थोरलीचे आठशे होते. ते द्यावेत असे मनातही आले नाही. तिचे म्हणणे खरे ठरले म्हणून मी तिला ते अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "मग? मी काय उगाच बोलते?"

अशी दोन वर्षे गेली. आम्ही मैत्रिणी झालो असे म्हणणार नाही. ती माझ्या हातचे खात नसे आणि मी तिच्या पोरीच्या लग्नात मागच्या रांगेत बसले. पण शनिवार कधी चुकला नाही.

मग कॉफीचा भाव पडला त्या वर्षी मोंडोचा चुलता मेला. मयताच्या सभेत पलीकडच्या कुळातला एकजण उठून बोलला, की कुग्लामेंच्या घरात आता नुसती तोंडे उरली आहेत. मोंडो उठला आणि सगळ्यांसमोर दोन हजार किना बोलून बसला. सोमवारपर्यंत. त्याच्याकडे तीनशेही नव्हते. शनिवारी त्याच्या बहिणीने, ओबिनाने, आम्हा दोघींना कॉफीच्या झाडांत पाहिले. मी स्कोलास्तिकाच्या हातावर नोटा ठेवत होते.

भर दुपारी मोंडो माझ्या दारात आला. पिऊन आला नव्हता, हे सांगायला हवे, कारण नंतर कोर्टात तो पिऊन होता म्हणाला. हातात कोयता होता, धार नुकती लावलेली. ओरडला नाही. हळू आवाजात बोलला.

"तिचे पैसे कुठेत?"

मी म्हणाले नाही की माझा एक पैसा नाही. त्याने माझे विचारलेच नव्हते. त्याने कोयत्याची सपाट बाजू माझ्या गालावर ठेवली. बस, एवढेच केले. मी वळले, चुलीमागची माती हातांनी उकरली आणि डबा त्याला दिला. मला जखम नाही, ओरखडा नाही. दोनदा मार खाऊन जे तोंड उघडले नव्हते ते गालावर थंड लोखंड लागताच उघडले.

"आणि तुझे?"

"तिच्याकडे."

"कुठे?"

"गळ्यात."

तो निघाला. ओढा ओलांडून तिच्या घराकडे चालू लागला. मला ओरडता आले असते. माझा आवाज मोठा आहे, हमरस्त्यावर ट्रक थांबवणारा आहे. मी दारात बसून राहिले.

तिच्या अंगणातले बोलणे मला शब्दन् शब्द ऐकू आले. ती शेंगा सुकवत बसली होती.

"ती गळ्यातली बिलुम दे."

"नाही."

"तुझे पैसे मला मिळालेत. धाकटीने दिले. ते हे बघ. आता तिचे दे आणि सुट."

तिने हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मला वाटले आता देईल. देऊ दे, असे मी मनात म्हटले. माझेच पैसे होते आणि ती ते देऊ दे म्हणून मी देवाला विनवत होते.

"माझे असते तर दिले असते," स्कोलास्तिका म्हणाली. "ठेवायला दिलेत तिने."

"तिने तुला विकलं, बये. आणि तू तिच्यासाठी मरतेस?"

"तिचं ती बघेल."

त्याने बिलुमची दोरी धरून ओढली. तिने डाव्या हाताने ती छातीशी आवळली. त्याने एकदा बजावले, दुसऱ्यांदा बजावले, आणि मग कोयता मनगटावर घातला. एका घावात तुटले नाही. दुसरा घातला.

ती किंचाळली नाही असे लोक आता सांगतात, कारण त्यांना तिची गोष्ट मोठी करायची असते. ती किंचाळली. मी ऐकले. आणि किंचाळतच तिने उजव्या हाताने खणायची काठी उचलली आणि मोंडोच्या गुडघ्यावर घातली. हाड फुटल्याचा आवाज माझ्या दारापर्यंत आला. तो कोसळल्यावर तिने अजून दोनदा घातली, त्याच गुडघ्यावर. तो आजही तो पाय ओढत चालतो. लोक पोचले तेव्हा तो शेंगांत पडून गुरासारखा ओरडत होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती. बिलुम तिच्या दातांत होती.

मी तेव्हा धावले. बाकी सगळे धावल्यावर.

तिच्या दिराने दुसऱ्या एका बिलुमच्या जाड दोरीने दंड आवळला. आम्ही तिला ट्रकमध्ये घातले आणि कुंडियावाच्या इस्पितळात नेले. रस्ताभर तिचे डोके माझ्या मांडीवर होते. डॉक्टरांनी मनगटाच्या वर कापून टाके घातले.

चौथ्या दिवशी तिने उशाखालून बिलुम काढली. रक्ताने दोरी कडक झाली होती.

"घे. बघ बरोबर आहेत का."

मी पाहिले नाही. हातात धरून बसले. आता ती तिच्या पैशांचे विचारेल म्हणून मी वाट पाहत होते. सांगायचे ठरवूनच गेले होते, शब्दही जुळवले होते. तिने विचारले नाही. मोंडोने तिला तोंडावर सांगितले होते, तिला ठाऊक होतेच. पण मला वाटले, कदाचित तिने विश्वास ठेवला नसेल. कदाचित तो नेहमीसारखा खोटे बोलला असे तिला वाटत असेल. असे वाटत असेल तर राहू दे, असे मला वाटले. किती नीच असते माणूस, सांगते. शेजारी हात तुटलेली बाई पडली आहे आणि मी माझी अब्रू वाचते का ते बघत होते. मी तिला दोन संत्री सोलून दिली आणि घरी आले.

शहरातला खटला वेगळा चालला आणि त्यात मोंडो पुढे चौदा महिने आत गेला. पण हाताची भरपाई गावातच ठरायची होती, नाहीतर तिच्या भावांनी कुग्लामेंची घरे जाळली असती. ते तयारच होते. दोन शुक्रवार दोन्हीकडची माणसे कोयते, धनुष्यबाण घेऊन सुरूच्या झाडांखाली समोरासमोर उभी राहिली. तिसऱ्या शुक्रवारी पंचांनी आकडा ठरवला. तीन हजार किना आणि सहा डुकरे.

मोंडोच्या कुळाने पैसे गोळा करून केळीच्या पानावर मांडले. मोंडो कुबडीवर उभा राहून बोलला. अजूनही तो छान बोलतो. पिऊन चूक झाली म्हणाला. बायकोचा हात म्हणजे आपलाच हात म्हणाला, डोळे पुसले. म्हणाला, "यातले अकराशे माझ्या स्वतःच्या घामाचे आहेत. उसने नाहीत, मागितलेले नाहीत." लोक माना हलवू लागले. स्कोलास्तिकाचा थोरला भाऊ पुढे होऊन नोटा उचलायला वाकला.

स्कोलास्तिका गवतात बसली होती. तुटका हात मांडीवर, पांढऱ्या पट्टीत. तिने मान वर केली नाही. त्या पानावर तिचे छप्पर मांडलेले होते. अकराशे किना, दोन वर्षांच्या शेंगांचे. ते आता तिच्या हाताची किंमत म्हणून तिलाच मिळणार होते, भावांचा वाटा वजा करून.

मी उठले. बायका तिथे विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

"ते अकराशे तिचे आहेत," मी म्हणाले.

"खाली बस," मोंडो म्हणाला.

"माझ्या चुलीमागच्या डब्यातले आहेत. तिने माझ्याकडे ठेवायला दिले होते. मी याला काढून दिले."

तेइने आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मारलं का तुला त्याने?"

"नाही."

"मग?"

"कोयता दाखवला. गालाला लावला नुसता. मी दिले. आणि माझे पैसे तिच्या गळ्यात आहेत तेही मीच सांगितलं. माझे पैसे वाचवताना तिचा हात गेला. तिचे मी एक चापटही न खाता दिले."

असे बोलल्यावर पुढे काय करायचे ते मला माहीत नव्हते. उभी राहिले. तिच्या भावाने येऊन माझ्या तोंडावर एवढी जोरात लगावली की मी बसलेल्या बायकांच्या अंगावर पडले. माझ्या भावांपैकी कोणी पुढे आले नाही. मोंडोच्या बाजूने कोणीतरी दगड मारला, तो माझ्या डोक्याला लागला. मग दोन्हीकडून आरडाओरडा झाला, धनुष्याच्या दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि तेइने आजोबा, ऐंशी वर्षांचे, मध्ये जाऊन उभे राहिले.

स्कोलास्तिकाने पहिल्यांदा मान वर केली. माझ्या डोळ्यांत रक्त उतरत होते.

"बस खाली, धाकटे," ती म्हणाली.

मग ती पंचांना म्हणाली, "ते अकराशे माझे मला द्या. ते भरपाईत धरायचे नाहीत. उरलेले यांच्या कॉफीतून हवेत. दुसऱ्या कुठल्या पैशाला मी हात लावणार नाही. एकच हात राहिलाय, तो मी जपून वापरणार."

पंच बराच वेळ कुजबुजले. कॉफीला हात लावायचा म्हणजे पुरुषाच्या नावाला हात लावायचा, असे आमच्या गावात कधी झाले नव्हते. पण तिचे भाऊ आता वेगळ्याच रागात होते. बहिणीच्या हाताची किंमत बहिणीच्याच शेंगांतून घेऊन आपण घरी चाललो होतो, हे त्यांना दोन डोंगरांसमोर ऐकावे लागले होते. शेवटी ठरले की ओढ्यालगतची अडीचशे झाडे स्कोलास्तिकाची. फळे तिची, गोणी तिची, काट्यावर ती उभी राहणार. मोंडो कुबडी टाकून खाली बसला. हात तोडल्याबद्दल तो इतका रडला नव्हता.

त्याला आता नऊ वर्षे झाली. तिच्या घरावर पत्रे आहेत. गोणी काट्यावर चढली की ती तुटके मनगट काट्याच्या दांडीवर ठेवून उभी राहते आणि कॉफीवाल्यांची वजनात गडबड करायची छाती होत नाही. मोंडो तुरुंगातून आला, अजून आमचा नवरा आहे, जेवायला कधी तिच्याकडे येतो, कधी माझ्याकडे. गुडघा धरून उठतो. आवाज चढला तर ती काठी जवळ ओढते आणि तो पुन्हा जेवायला लागतो. माझा फ्रीझर दुकानात गुरगुरत असतो.

कोर्टानंतरच्या पहिल्या शनिवारी मी डोक्याला पट्टी बांधून कॉफीच्या झाडांत गेले. ती येईल असे वाटले नव्हते. ती आली. मी नोटा हातात धरून उभी राहिले आणि मला पुढे करायची हिंमत होईना. तिने उजवा हात पसरला. मी ठेवल्या. तिने दातांनी बिलुमची गाठ सोडून त्या आत टाकल्या.

"आणि तुझे?" मी विचारले.

"माझे माझ्याकडे," ती म्हणाली आणि शेंगांची झोळी कपाळाला अडकवून निघून गेली.

माझे पैसे आजही तीच सांभाळते. तिचे ती मला देत नाही. मी पुन्हा विचारले नाही.